उजवी बाही

"थांबा! त्यांच्या तोंडात काही घालू नका!" मोहिनी ओरडली, तेव्हा वाल्मीक मुकादम लिंबू पिळायच्या बेतातच होता.

दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून दिंडोरीला काकांच्या द्राक्षबागेत आलेली मोहिनी, चुलतभाऊ सार्थक आणि बागेत कामाला असलेल्या हिरामणची मुलगी उज्वला, तिघं पेरू पाडायला निघाली होती. वाटेत फवारणीचं औषध कालवायच्या टाकीपाशी हिरामणच आडवा दिसला. तोंडाला फेस, अंगावर घामाच्या धारा.

"सकाळीच झोकलीय गड्यानं," वाल्मीक म्हणाला. "लिंबू पाजतो नि टाकतो शेडात. उतरंल संध्याकाळपर्यंत."

"माझा बाबा पीत नाय!" उज्वलाचा आवाज चिरकला.

मोहिनी वाकली. दारूचा वास नव्हताच! शाळेतलं प्रथमोपचाराचं शिबिर आठवून तिने हिरामणची पापणी उचलली. सावलीतसुद्धा डोळ्यातला काळा ठिपका खसखशीएवढा!

"उज्वला, इकडे बघ." तिच्या डोळ्यातला ठिपका चांगला मिऱ्याएवढा होता.

"आणि शर्ट बघ," सार्थक कुजबुजला. "उजवी बाहीच ओली. पार खांद्यापर्यंत!"

टाकीच्या काठाशी ढवळायचा दांडा पडला होता. दोन तुकडे होऊन.

"बाबाला हातानं ढवळायला लावलं?" उज्वलाने विचारलं. वाल्मीक दुसरीकडे बघू लागला.

"औषध भिनलंय यांना!" मोहिनी म्हणाली. "एकशे आठला फोन लावा!"

"नि मालकाला काय सांगू? गप बसा. शहाणी आलीय नाशिकची!"

सार्थकने चेहरा जमेल तितका बावळट केला. "वाल्मीकमामा, मोबाइल द्या ना जरा. मॅचचा स्कोअर बघतो."

मोबाइल हातात येताच तो वेलींच्या ओळीतून जो पळाला, तो थेट डांबरी रस्त्यावर! तिथून त्याने फोन लावला आणि अँब्युलन्सला वाट दाखवायला तिथेच उभा राहिला.

इकडे दोघींनी हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. फेस घशात जाऊ नये म्हणून हिरामणला कुशीवर वळवलं. मोहिनीने छाटणीच्या कात्रीने शर्ट कापला. उज्वला साबण लावत राहिली, पाणी ओतत राहिली. रडणं तिने जणू नंतरसाठी ठेवून दिलं होतं. हिरामणचा श्वास घरघरत होता. मध्येच अडकायचा, आणि सगळी बागच गप्प व्हायची.

अँब्युलन्समधून डॉक्टर भाग्यश्री उतरल्या. "औषध कोणतं होतं?"

"साधं गंधक," वाल्मीक पुटपुटला.

"खोटं!" उज्वलाने टाकीमागून उचलून पिशवीत गुंडाळलेला औषधाचा रिकामा डबा पुढे धरला.

डॉक्टरांनी नाव वाचलं. भराभर ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. "शाबास पोरांनो! दारू समजून झोपवलं असतं, तर हा माणूस उठलाच नसता."

हिरामण वाचला. पण दवाखान्यातून परतला तो पार वाळून, हाताची थरथर घेऊनच. काकांनी मुकादमाला सगळ्यांसमोर झाडलं, मुलांच्या पाठीवरून हात फिरवला. "पोरांनो, तुम्ही होता म्हणून..."

उज्वला हसली नाही. "काका, नवा दांडा आणला का?"

काकांची मान खाली गेली. त्याच दुपारी ते स्वतः दिंडोरीच्या बाजारातून दोन जाड दांडे आणि रबरी हातमोजे घेऊन आले. उज्वलाने एक दांडा गुडघ्यावर टेकवला आणि सगळा जोर लावून वाकवून पाहिला.

मोडला नाही. तेव्हा कुठे ती रडली.