पाचशे किलोमीटरनंतर या

शनिवारी सकाळी सव्वानऊ वाजता, बडनेऱ्याजवळच्या बंद रेल्वे फाटकावर, एका अनोळखी मुलीने अनुपच्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

मालगाडी लांबलचक होती. पुढे कापसाचे दोन ट्रक उभे होते, त्यांच्यातून निसटलेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना चिकटला होता. अनुपच्या शेजारच्या सीटवर रिकामा डबा इंजिनाच्या तालावर खडखडत होता. त्याने काच खाली केली. मुलगी मोपेडवर बसूनच होती, एक पाय जमिनीवर, एक हात त्याच्या गाडीवर. मनगटावर ग्रीसचा काळा पट्टा.

“काय झालं?”

“तुमची गाडी कापून राहिली, सर.”

गाडी थरथरते, ते त्याला ठाऊक होतं. इंजिन गेलं आहे, असं तीन गॅरेजवाल्यांनी सांगितलं होतं. उद्या संध्याकाळी पाचला भंगारवाला यायचा होता. हे सगळं त्याने तिला का सांगितलं, ते त्यालाही कळलं नाही.

“तिघांपैकी हात कोनं लावला?” तिने विचारलं.

अनुप आठवू लागला. एकाने आवाज ऐकला होता, एकाने धूर पाहिला होता, तिसऱ्याने नुसती मान हलवली होती. हात… हात कुणीच लावला नव्हता.

“इंजिन साजरं आहे,” ती म्हणाली. “ते ज्याच्यावर बसते, ते रबर गेले. मागच्या काचेवर त तुमी फिजिक्स शिकवता असं लिहेल आहे…”

फाटक उघडलं. मोपेड पुढे गेली. अनुप अकोल्याहून अमरावतीला घरी निघाला होता, सरळ जायचं होतं. त्याने डावीकडे वळण घेतलं, मोपेडच्या मागे.

गॅरेज म्हणजे कडुनिंबाखालची पत्र्याची शेड. मुलीचं नाव प्रियदर्शनी. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा कोर्स तिने केला होता, पण हात लावून ओळखायचं ती वडिलांकडून शिकली होती. धर्मपालांनी तीस वर्षं ट्रकांची इंजिनं उघडली आणि त्या आवाजात त्यांचे कान गेले. तेव्हापासून ते तळहाताने ऐकत. त्यांनी अनुपकडे पाहिलंही नाही. बॉनेटवर हात टेकवला, थोडा उजवीकडे सरकवला, मग डावीकडे, आणि लेकीला तीन बोटं दाखवली.

“तिन्ही,” प्रियदर्शनी म्हणाली. “या, दाखवतो. समोर नका उभे राहू, बाजूले.”

तिने बॉनेट उघडलं आणि स्वतः गाडीत बसली. हॅंडब्रेक ओढला, पाय ब्रेकवर दाबला, पहिला गिअर टाकून क्लच हळूच सोडू लागली. गाडी जागची हलली नाही. हललं ते इंजिन. ते अख्खं धूड आपल्या जागेवरून चार बोटं वर उठलं, एखादा बैल बसल्या जागी उठू पाहतो तसं. तिने रिव्हर्स टाकला आणि ते धप्पकन खाली आलं.

अनुप बॉनेटखाली वाकला.

तिने टॉर्चने दाखवलं. तीन ठिकाणी तीन ठोकळे, मुठीत मावतील एवढे, लोखंडाच्या दोन पट्ट्यांमध्ये रबर. याला ते लोक इंजिन फाउंडेशन म्हणत. शंभर किलोच्या आसपासचं लोखंड एवढ्याशा रबरावर अठरा वर्षं बसून होतं. अनुपने मनात हिशेब मांडला. गाडी नुसती उभी असतानाही मिनिटाला आठशे फेरे, म्हणजे सेकंदाला सव्वीस-सत्तावीस स्फोट. त्यातला प्रत्येक स्फोट हे रबर गिळत होतं, म्हणून आत बसलेल्या माणसाला काही कळत नव्हतं. सहा वर्षं तो फळ्यावर स्प्रिंग आणि वजन काढून कंपनं शिकवत होता. कंपनांच्या मांडीवर बसून अकोल्याला जात होता. आणि ही मुलगी फाटकावर, मालगाडी जायच्या आत…

“काहून गप्प झाले?” ती म्हणाली. “पोट्टे विचारतील त काय सांगान?”

“सांगेन की सर नापास झाले.”

ती हसली. गालावर काळा ठिपका होता. तो सांगावा की नाही, हे ठरवण्यात अनुपची दोन मिनिटं गेली, आणि मग त्याने सांगितलं नाही.

तिघांपैकी एक ठोकळा जरा नवा दिसत होता, पण तोही तिरका फाटला होता. कुणीतरी एकच बदलून दोन तसेच ठेवले, म्हणून सगळा भार नव्यावर आला, हे तिने सांगितलं. शिवाय इंजिन जॅकवर लटकत असतानाच बोल्ट कसले होते, त्यामुळे ते रबर पहिल्या दिवसापासून पिरगळलेलंच होतं.

रविवारी सकाळी काम सुरू झालं. अनुप नऊचं सांगून साडेआठला आला. प्रियदर्शनीने तेलाच्या चेंबरखाली जॅक लावला, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवला आणि इंजिन बोटभर उचललं, झोपलेल्या लेकराची मान उचलावी तसं. जुना ठोकळा निघाला तो तिच्या हातात दोन तुकडे होऊनच. तिने तो अनुपच्या तळहातावर ठेवला. रबर लोखंडापासून सुटलं होतं, कडेने कोरड्या जमिनीसारखं तडकलं होतं. टाकवेना, म्हणून त्याने तो खिशात घातला. तिने ते पाहिलं आणि नवा ठोकळा उचलला.

तिन्ही नवे ठोकळे बसले. बोल्ट तिने फक्त बोटांनी फिरवले. जॅक उतरवला, गाडी सुरू केली. अनुपने उत्साहाने पाना उचलला.

“नका,” तिने त्याचं मनगट धरलं. “इंजिनले पयले त्याची जागा सापडू द्या. मंग कसायचं. घाई केली की नवं रबरही पिरगळते.”

मनगट तिने सोडलं नव्हतं. निंबाची पिवळी पानं पत्र्यावर पडत होती…

“किती वेळ लागतो?” अनुपने विचारलं.

“कोनाले?”

“…इंजिनला.”

“इंजिनले पाच मिनिटं,” ती म्हणाली, आणि हात काढून पाना घेतला.

बॉनेटच्या आतल्या बाजूला तिने पांढऱ्या मार्करने गाडीचा आकडा लिहिला, त्यात पाचशे मिळवून खाली दुसरा. तिच्याकडची प्रत्येक गाडी अशी आकडा घेऊनच जायची. पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासायचे. तोवर ढिले झाले नाहीत, तर काम पक्कं.

गाडी अनुपची नव्हतीच, त्याच्या आईची होती; हे त्याने प्रियदर्शनीलाही सांगितलं होतं. मैनाताई सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. एक्केचाळिसाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या आणि निवृत्त झाल्यावरही, ज्या गावांत बाळंतपणं केली त्या गावांत लेकरांना भेटायला जात राहिल्या. स्टीअरिंग हातात थरथरू लागलं तसा त्यांचा जीव धास्तावला. वर्षभर त्या कुठेच गेल्या नव्हत्या. गाडी भंगारात द्यायचं त्यांनीच ठरवलं होतं.

पाचला भंगारवाला आला तेव्हा अनुप आईला गाडीत बसायला लावत होता. मैनाताईंनी किल्ली फिरवली. कर्र्र् असा जीवघेणा आवाज झाला.

“आई, गाडी चालूच आहे.”

“बंद आहे. हालत कुठं आहे?”

मग त्यांनी स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले. समोर डॅशबोर्डवर निळा दिवा जळत होता, पंख्याची बारीक घरघर येत होती आणि हातांना काही म्हणजे काही कळत नव्हतं.

“कोनं केलं रे हे?” त्यांनी हळूच विचारलं. अनुपने नाव सांगितलं. सांगताना जरा जास्तच वेळ घेतला असावा, कारण मैनाताईंनी गाडीवरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. मग भंगारवाल्याला चहा दिला आणि सांगितलं, पाचशे किलोमीटर पाहू. तेव्हाही अशीच असली, तर गाडी कुठं जात नाही.

गुरुवारी दुपारी चारला अनुप गॅरेजवर हजर झाला.

प्रियदर्शनीने आत वाकून आकडा पाहिला. “पाचशे बारा. तुमी त आठवड्यात एकदाच अकोल्याले जाता म्हणे.”

“सोमवारी गेलो, आलो. मंगळवारी गेलो, आलो. काल आईला मोझरीला नेलं, तिची मैत्रीण आहे तिथे. आज चांदूर रेल्वे.”

“तिथं काय काम होतं?”

“चहा प्यालो.”

ती गाडीकडे वळली. पाना एकेका बोल्टवर ठेवून तिने जोर लावला. पहिला हलला नाही. दुसराही नाही. तिसऱ्यावर ती जरा जास्तच वेळ थांबली.

“एकही ढिला नाई,” ती म्हणाली. “गाडी राहिली तुमच्या आईची. आता यायची गरज नाई.”

तिने शेवटचं वाक्य बॉनेटला सांगितलं, त्याला नाही.

“गरज नसली…” अनुपचा फळ्यापुढचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. “गरज नसली अन् आलो, त चालते का? मी त्याच्याच साठी फिरून राहिलो चार दिवस.”

धर्मपाल चहा घेऊन आले होते. अनुपच्या हातातला ग्लास कापत होता. म्हाताऱ्याने ते पाहिलं, त्याच्या पाठीवर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. मग, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा खणखणीत आवाजात, रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्यानेही वर पाहावं इतक्या मोठ्याने, ते म्हणाले, “पोरी, इंजिन साजरं आहे याचं. नुसतं भेवानं कापून राहिलं.”

प्रियदर्शनी कानापर्यंत लाल झाली. मार्कर उचलून तिने जुना आकडा पुसला आणि त्या जागी एकच शब्द लिहिला. अनुपने वाकून वाचला. रविवार.

“किलोमीटर किती?”

“या टायमाले किलोमीटर नाई मोजायचे,” ती म्हणाली. “आईले घेऊन या. गाडी त्यांनीच चालवावी… मले पाह्यचं आहे, स्टीअरिंगवर त्यांचा हात कसा राहते ते.”

तिने बॉनेट लावलं. अनुप गाडीत कसा बसला ते त्याला आठवत नव्हतं. निघायचं म्हणून त्याने किल्ली फिरवली.

कर्र्र्.

गाडी मघापासून चालूच होती; आल्यावर त्याने ती बंदच केली नव्हती.

धर्मपालांना ते ऐकू गेलं नाही, पण त्यांचा हात बॉनेटवर होता. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती पाना छातीशी धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती.