अळणी मंगळवारी खारं पाणी

गल्लीच्या वळणावर माझं पूजेचं तबक आणि त्याच्या हातातला पत्र्याचा डबा एकमेकांवर आदळले, आणि माझं पातळ गुडघ्यापर्यंत भिजलं.

"समुद्र सांडला तुमच्यावर," तो ओशाळून म्हणाला. "रत्नागिरीचा हाय."

हा जोतीराम. पोस्टातला. रत्नागिरीहून बदली होऊन आमच्या समोरच्या खोलीत राहायला आलेला. खिडकीत त्यानं काचेची पेटी मांडली होती. तीत समुद्राचं पाणी आणि जिवंत पोवळं. डब्यातही पोवळ्याचं एक झुडूप होतं. धक्क्यानं त्याचा बोटाएवढा तुकडा मोडला होता.

"मरेल का हो ते?" मी विचारलं.

"तुमी रोज देवाला जाताय. सांगा की त्याला माझ्यासाठी…"

'माझ्यासाठी' म्हणताना त्यानं असं पाहिलं, की मंदिरात माझी प्रदक्षिणा चुकली.

संध्याकाळी डोकावले, तर शेजारच्या विणकराची लेक गौरम्मा पेटीत कोपरापर्यंत हात घालून उभी. तुटलेलं सूत सांधावं तशी चिमुकली गाठ मारून ती तो तुकडा दगडाला बांधत होती. दगड जोतीरामनं धरलेला. दोघांची बोटं एकाच पाण्यात.

"या की वच्छाक्का, हात घाला," ती हसली.

"मी सोवळ्यात आहे," मी उंबऱ्यातूनच म्हणाले. सोवळं थंड होतं… आत मात्र चुलीसारखं धगधगत होतं.

आठ दिवस तुकडा मिटूनच राहिला. पेटीतलं पाणी आटलं, की जोतीराम डब्यातलं खारं पाणी वर ओतायचा. मला खिडकीतून दिसायचं आणि कळायचंही. आमटी आटली की मीठ मागंच राहतं. त्यात आणखी मीठ कोण घालतं? पण मी गप्प बसले. तुकडा जगला, तर गौरम्माच्या गाठीनं जगणार होता. माळेचा मणी मात्र पुढं सरकत नव्हता.

मंगळवारी गौरम्मा डोळे पुसत बाहेर आली. "पांढरं पडायलंय ते, अक्का."

मी रस्ता ओलांडला. जोतीराम डबा उचलत होता.

"थांबा." मी डब्यात बोट बुडवून जिभेला लावलं. मग पेटीत. "पेटीतलं किती जास्त खारं झालंय बघा. समुद्र पुरे आता. गोडं पाणी घाला, वाटी-वाटीनं."

तो पेटीकडे पाहतच नव्हता. "वच्छला… आज मंगळवार. तुमचा अळणी उपास न्हवं?"

"होता. चौदावा." माझ्या जिभेवर अजून मीठ होतं. "मोडला. आता पहिल्यापासून सोळा."

शनिवारी त्यानं खिडकीतून हाक मारली. तुकड्यावर तांदळाएवढी फुलं उमलली होती.

"पाणी जास्त खारं होतंय हे मला आधीच कळलं होतं," मी खाली बघत म्हणाले. "बोलले नाही."

"का?"

"गाठ गौरम्मानं मारली म्हणून."

तो हसला, अगदी हळू. "गाठ मारायला तुमालाच हाक मारणार हुतो. पण मासळीचं पाणी तुमी शिवणार न्हाई, म्हणून भ्यालो." मग थांबून म्हणाला, "ते सोळा मंगळवार… कशासाठी?"

"लग्नासाठी करतात."

"मग मीबी धरतो. अळणी. जोडीनं केलं तर लवकर फळतं का?"

"जोडीनं करायला आधी जोडी लागते," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"म्हणूनच इचारतोय की," तो म्हणाला.