दोब्रेवाबाईंचा पासवर्ड

ट्रॉलीबसमध्ये एकच जागा रिकामी होती, आणि त्या तरुणाने ती नेवेनाला दिली नाही. तिच्या हातातल्या कॉम्प्युटरला दिली.

बाहेर ऑक्टोबरचा बारीक पाऊस लागला होता. कॉम्प्युटरचा डबा तिने आईच्या रेनकोटात गुंडाळून छातीशी धरला होता आणि त्याच्या बाह्या खाली लोंबत होत्या. तरुणाने तो अलगद तिच्या हातातून घेतला, सीटवर बसवला, बाह्या नीट आत खोचल्या.

"तुम्ही उभ्या राहू शकाल," तो म्हणाला. "हा आजारी दिसतोय. काय होतंय त्याला?"

"विसरतो," नेवेना म्हणाली.

"वय किती?"

"सात वर्षं."

"अरेरे... हे काही विसरायचं वय नाही."

तिला हसू आलं, पण अनोळखी माणसासमोर इतक्यात हसायचं नाही असं ठरवून तिने ओठ मिटले. "ई-मेलचा प्रोग्राम आहे ना, त्यात पासवर्ड जपून ठेवायला सांगितला की दोन-तीन दिवस बरा चालतो. मग एके दिवशी पुन्हा विचारतो, पासवर्ड काय? आई अगदी टेकीला आलीय. कोर्टामागच्या दुरुस्तीच्या दुकानात नेतेय."

"तो दुकानदार आत्ता दुकानात नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"तो इथे दांडा धरून उभा आहे," तरुण म्हणाला. "आसेन. आणि तुम्ही?"

"नेवेना दोब्रेवा. कोर्टासमोर आमचं भाषांतराचं ऑफिस..."

आसेनचा हात दांड्यावरून सुटला. "जर्मनच्या दोब्रेवाबाई? त्या तुमच्या आई? त्यांनी मला सहापैकी दोन दिले होते. सलग दोन वर्षं!"

"अभ्यास केला नसेल."

"अगदी हेच म्हणाल्या होत्या," तो म्हणाला, आणि आता मात्र नेवेना हसली.

तेव्हापासून आसेन दर गुरुवारी ऑफिसात येऊ लागला.

ऑफिस म्हणजे एकच खोली. देश सोडून निघालेली माणसं तिथे जन्माचे, लग्नाचे, पदवीचे दाखले घेऊन यायची. दोब्रेवाबाई ते जर्मनमध्ये उतरवायच्या, शिक्का मारायच्या आणि ई-मेलने परदेशी धाडायच्या. निम्मं रुसे शहर त्या टेबलावरून गेलं होतं. आता नेवेनाही जाणार होती. ग्रात्सच्या विद्यापीठात तिला जागा मिळाली होती आणि जानेवारीत दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू व्हायचा होता. बाई ही गोष्ट दाखला आणणाऱ्या प्रत्येकाला सांगत. ज्याला घाई असे, त्याला जरा जास्तच सविस्तर सांगत.

शिक्का आणि पासवर्ड मात्र बाईंनी कधी कुणाच्या हाती दिला नाही. अगदी नेवेनाच्याही नाही. त्या पासवर्ड टाकायला बसल्या की आसेन भिंतीकडे तोंड करून उभा राही.

"असाच उभा असायचास वर्गात," बाई म्हणत.

"तेव्हा तुम्ही उभं करायचात, बाई."

पहिल्या गुरुवारी त्याने जपून ठेवलेले सगळे पासवर्ड पुसले आणि नवा भरून घेतला. चार दिवसांत प्रोग्राम पुन्हा विचारू लागला. दुसऱ्या गुरुवारी बाईंनी नेवेनाला बानित्सा आणायला पिटाळलं. चीज भरलेली, पापुद्र्यांची गरम बानित्सा कागदात बांधून ती परतली तेव्हा दोघंही गप्प होती आणि आईचा हात आसेनच्या मनगटावर होता. नेवेनाला वाटलं, जुन्या वर्गाच्या आठवणी निघाल्या असतील. तिने बश्या मांडल्या.

"मग आज काय निदान?" तिने विचारलं.

"पासवर्ड एका पेटीत असतात," तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "आणि त्या पेटीची किल्ली वेगळ्या जागी असते. किल्ली खराब झाली की..."

"गेल्या गुरुवारी पेटी खराब होती. आज किल्ली. पुढच्या गुरुवारी बिजागरी का?"

"असू शकेल."

"मला तर वाटतं, हा बरा व्हावा अशी तुमची इच्छाच नाही."

त्याचे कान लाल झाले. तो हसला नाही, आणि नेवेनाने त्याचा सरळ सोयीचा अर्थ लावला. हा मुद्दाम अर्धवट दुरुस्त करतो... कशासाठी, ते कळायला ग्रात्सला जाऊन शिकायची गरज नव्हती! गुरुवारी तिच्या गळ्यात हिरवा स्कार्फ दिसू लागला. थंडी वाढलीय, असं तिने स्वतःला सांगितलं. थंडी फक्त गुरुवारीच कशी वाढते, हे मात्र तिने स्वतःला विचारलं नाही.

नोव्हेंबरात दोघं डॅन्यूबच्या काठाने फिरायला गेली. पाणी शिशाच्या रंगाचं झालं होतं. एक मालवाहू बोट प्रवाहाच्या उलट, अगदी सावकाश चालली होती. आसेनने स्वतःचे हातमोजे काढून तिला दिले; ते तिला इतके मोठे झाले की बोटांची टोकं रिकामी लोंबू लागली. त्याने ती टोकं चिमटीत धरली आणि लगेच सोडली.

"जानेवारीत जाणार ना तुम्ही?"

"हो," ती म्हणाली. मग थोडं थांबून — "जाऊ नको म्हणणारं कुणी नाहीच."

आसेन बोटीकडे बघत राहिला. ती पुलाखालून गेली.

"जायलाच हवं तुम्ही," शेवटी तो म्हणाला.

नेवेनाने हातमोजे काढून त्याच्या खिशात कोंबले आणि घरापर्यंत हवामानाबद्दल बोलत राहिली. एवढी चूक आपण कशी केली, हे तिला कळेना. माणूस दर गुरुवारी येतो, कान लाल करतो आणि वर जा म्हणतो! तिला फार लागलं ते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एका सकाळी, बाई कोर्टात गेल्या होत्या. ऑफिसात एक परिचारिका येऊन बसली. तिला त्याच दिवशी दुपारपर्यंत जर्मनीतल्या रुग्णालयाला कागद पाठवायचे होते. नेवेनाने ई-मेल उघडली. प्रोग्रामने विचारलं, पासवर्ड?

तिने ती खिडकी बंद केली. नवी पत्रं येणार नव्हती, पण आधी उतरलेली दिसत होती. रुग्णालयाचं जुनं पत्र शोधता शोधता ती एका कप्प्यापाशी आली. नाव होतं 'गॅरंटी कार्डं'. असला कप्पा आईने कधी केला? तिने तो उघडला.

आत चौदा पत्रं होती. चौदाही सारखीच: आपला पासवर्ड बदलण्यात आला आहे.

नेवेनाने तारखा वाचल्या. वेळा वाचल्या. सगळ्या सकाळी दहाच्या सुमाराच्या. त्या वेळी आई कोर्टात असायची. तिथल्या कॉम्प्युटरवर ई-मेल उघडून कागद छापायला तिला दरवेळी पासवर्ड स्वतः टाकावा लागायचा. तो आठवायचा नाही. मग ती नवा ठेवायची. इकडचा प्रोग्राम बिचारा जुनाच पासवर्ड इमानाने जपून बसलेला. तो घेऊन दारात जायचा, दार उघडायचं नाही, म्हणून विचारायचा. तो काहीच विसरत नव्हता.

विसरत होती ती आई.

नेवेनाने तारखा वरपासून पुन्हा एकदा वाचल्या. आणि मग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. ही पत्रं आपोआप या कप्प्यात जावीत अशी व्यवस्था कुणीतरी करून ठेवली होती. आईला ते जमणारं नव्हतं. कप्पा तयार झाल्याची तारीख बानित्साच्या गुरुवारची होती.

परिचारिकेचे कागद तिने कसेबसे स्वतःच्या पत्त्यावरून पाठवले, दाराला कुलूप लावलं आणि कोट न घालताच कोर्टामागची गल्ली गाठली. आसेन दुकानात स्क्रू काढत बसला होता.

"चौदा वेळा!" ती दारातूनच म्हणाली. "तुला माहीत होतं."

एवढे दिवस दोघांमध्ये 'तुम्ही' होतं. 'तू' निघालं ते असं, भांडणात. दोघांनाही ते ऐकू आलं, आणि कुणीच ते परत घेतलं नाही.

"दुसऱ्या गुरुवारपासून," आसेन म्हणाला. "मी त्यांना विचारलं. आधी त्या चिडल्या. मग त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, जानेवारीपर्यंत गप्प राहा. तिला कळलं तर ती जाणार नाही."

"आणि तू राहिलास गप्प? दोन महिने! दोन महिने तिला डॉक्टरकडे नेता आलं असतं, आसेन! ती माणसांचे जन्माचे दाखले भाषांतर करते. एखादी तारीख चुकली असती तर?"

"मी दर आठवड्याला म्हणत होतो, डॉक्टरकडे चला. त्या ऐकेनात. तुला सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

"मला वाटलं तू माझ्यासाठी येतोस," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला रडू फुटलं. "मी मूर्खासारखी स्कार्फ बांधून बसत होते..."

"तुझ्यासाठीच येत होतो."

"खोटं! नदीवर तूच म्हणालास, जा म्हणून."

आसेनने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तो उठून उभा राहिला, पण तिच्या जवळ आला नाही.

"नेवेना, एक शब्द बोललो असतो तर तू राहिली असतीस. आईसाठी राहिली असतीस, आणि मला तू इथे मिळाली असतीस. रोज हाच विचार मनात यायचा. सकाळी उठलो की हाच. मला ते इतकं हवं होतं की माझ्या तोंडून ते निघालं असतं, तर ते बाईंच्या भल्यासाठी निघालं की माझ्या, हे मलाच कळलं नसतं. म्हणून बोलता आलं नाही."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली आणि निघून गेलं. नेवेनाने डोळे पुसले.

"ठरवायचं मी होतं," ती म्हणाली. आता आवाज खाली आला होता. "तुम्ही दोघांनी माझ्या वतीने ठरवून टाकलंत. प्रेमानेच केलंत, ते कळतंय मला. तरी राग येतोय."

"येऊ दे."

"खूप येतोय."

"येऊ दे ना," आसेन म्हणाला. त्याने खुंटीवरचा आपला कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला. तिने तो झटकला नाही.

दुसऱ्या दिवशी निकुलदेन, माशाचा सण. बाईंनी आसेनला आधीच जेवायला बोलावून ठेवलं होतं. अक्रोड भरलेला मासा भट्टीतून आला तो दोनदा मीठ पडून. तिघंही घोटाघोटाने पाणी पीत खात होती.

"आई," नेवेना म्हणाली, "गॅरंटी कार्डांचा कप्पा मी पाहिला."

बाईंनी हातातला काटाचमचा ताटात ठेवला. त्यांनी आसेनकडे पाहिलं. "तू सांगितलंस?"

"नाही बाई."

"नाही सांगितलं त्याने," नेवेना म्हणाली. "त्याचाच राग आहे मला."

बाई बराच वेळ टेबलक्लॉथवरची सुरकुती बोटाने सारखी करत राहिल्या. वर्गात चाळीस मुलांना एका नजरेने गप्प करणारी ती बाई. आत्ता तिला मान वर करवेना.

"पहिल्यांदा तुझी जन्मतारीख ठेवली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, ही काही मी विसरणार नाही. मग तुझ्या बाबांचं नाव. मग आपली गल्ली. जे विसरणं शक्यच नाही तेच शोधून काढून ठेवत गेले, नेवे... आणि कोर्टात त्या खुर्चीवर बसलं की समोर नुसती पांढरी भिंत."

नेवेना उठली, आईच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आईचा हात तिच्या केसांवर आला.

"सोमवारी डॉक्टरकडे जायचं," नेवेना म्हणाली. "आणि आज सकाळी मी ग्रात्सला पत्र लिहिलं. यंदा येत नाही. पुढच्या वर्षी जागा ठेवली तर बघू, नाही ठेवली तर नाही."

"हेच नको होतं मला!" बाईंचा आवाज चढला. "माझ्यापायी तू इथे सडायचं?"

"तुझ्यापायी राहते," नेवेना म्हणाली. तिने डोकं वर उचललं आणि टेबलापलीकडे पाहिलं. आसेन मान खाली घालून माशाचे काटे एका बाजूला काढत होता. त्याचे कान लाल झाले होते. "आणि याच्यासाठीही राहते. किती तुझ्यापायी आणि किती याच्यासाठी, ते मोजलं नाही. मला हा आवडतो, आई. फार आवडतो."

आसेनच्या हातातला काटाचमचा खणकन ताटात पडला.

"नेवेना..." तो म्हणाला.

"बोल की," ती म्हणाली. "दोन महिने गप्प बसलास, तेवढं पुरे."

"मलाही. पहिल्या दिवसापासून. तो रेनकोट... नाही, त्याच्याही आधी, तू बसमध्ये चढलीस तेव्हापासून."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांनी डोळे पुसले, चष्मा पुन्हा नाकावर चढवला, आणि त्यांचा तो जुना, वर्गातला आवाज परत आला. फक्त थोडा हळू.

"मग करायचंच असेल तर लांबवू नका," त्या म्हणाल्या. "तुमचं लग्न माझ्या लक्षात राहायला हवं."

नेवेनाने आईचा हात घट्ट धरला आणि दुसरा हात टेबलावरून आसेनपुढे केला. त्याने तो दोन्ही हातांत घेतला.

"जानेवारी?" तिने विचारलं.

"चालेल," तो म्हणाला.

"जानेवारी," बाई म्हणाल्या. मग मुलं शब्द पाठ करतात तसं, ओठांतल्या ओठांत, पुन्हा एकदा म्हणाल्या, "जानेवारी."