मनोऱ्यावरचा उलटा तास

"बी साइदा, माझ्या म्हाताऱ्याला फासावर चढवतील हो," बी तातू म्हणाली. गुन्ह्यांचा छडा लावणारी म्हणून साइदा साऱ्या बेटाला ठाऊक होती.

पेंबा बेटावर बायकांना मानाने 'बी' म्हणतात आणि तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळी सातला एक. शुक्रवारची नमाज संपली तेव्हा घड्याळाच्या मनोऱ्यावर सात वाजायला हवे होते. घड्याळात एक वाजला होता. बी तातूचा नवरा फाकी वर्षानुवर्षं घड्याळाला चावी देत आला होता. तो तडक मनोऱ्यात शिरला. वजनं खालीवर होतात त्या पोकळीत दुरुस्तीचा कारागीर मकामे मरून पडला होता. पोलिसांनी फाकीलाच धरलं, आणि तो तोंड उघडायला तयार नव्हता.

"गप्प बसला म्हणजे त्यानेच केलं," साइदाचा मदतनीस शेहा म्हणाला.

"तू गप्प बसतोस तेव्हा तुझ्या डोक्यात काय असतं?" साइदाने विचारलं.

"काही नाही."

"तेच म्हणते मी."

साइदा मनोऱ्यात शिरली. हवा कोंदट होती. वर जुनी दंतचक्रं कुरकुरत होती; दुरुस्तीसाठी आणलेली पितळी चक्रं कुठेच दिसत नव्हती. जिने दुरुस्त करणारा सुतार उस्सीने कबूल केलं, "नमाज चुकवली. मागे विडी ओढत होतो. वाजले किती ते ठाऊक नाही."

"आत्ता किती वाजले?" साइदाने विचारलं.

उस्सीने सावली पाहिली. "दहा असतील."

फाकी आणि बी तातूचा मुलगा खातिबू दुरुस्तीचं सामान आणायचा. "मी बंदरावर होतो," तो म्हणाला.

"आत्ता वाजले किती?"

त्याने मनगट वळवलं. काटा चारवर होता. "दहा." विलायती घड्याळात समोरचा आकडा वाचायची सवय इथे सगळ्यांनाच होती.

संध्याकाळी साइदाने सगळ्यांना चौकीत बोलावलं.

"मकामे पडताना वजनांच्या तारेला अडकला आणि घड्याळ थांबलं. ते तसंच राहिलं असतं, तर खून नमाजेच्या वेळी झाला हे उघड झालं असतं. तेव्हा गाव मशिदीत होतं, फाकीबाबाही. बाहेर दोघंच होते, उस्सी आणि खातिबू. म्हणून खुन्याने काटे पुढे सरकवून घड्याळ चालू केलं. पण घाबरून त्याने मनगटी घड्याळातला एकचा आकडा जसाच्या तसा मनोऱ्यावर लावला, समोरचा सात लावायला विसरला. उस्सीकडे मनगटी घड्याळ नाही. खातिबू, पितळी चक्रं तू विकलीस आणि मकामेने ते ओळखलं, हो ना?"

खातिबू खाली बसला. "ढकलायचं नव्हतं मला," तो पुटपुटला.

"तुम्हाला काटे पाहताच कळलं होतं, म्हणून मुलासाठी गप्प बसलात," साइदा फाकीला म्हणाली.

"माझं जगून झालंय, बाई," म्हातारा म्हणाला. "तुम्हाला मध्ये पडायला सांगितलं कुणी?"

दाराशी उभी असलेली बी तातू हळूच म्हणाली, "मी."