हळद लागलेला अंगठा

“हलव बघू, बाळ… हलतंय न्हवं? मग जीव हाय त्येच्यात. रडायचं न्हाई.”

वाईच्या एका छोट्या दवाखान्यात कंपाउंडर आप्पासो असं म्हणाले होते, तेव्हा भार्गवी नऊ वर्षांची होती. दाराच्या फटीत सापडून तिचं बोट वांग्यासारखं जांभळं झालं होतं. आप्पासोंच्या बोलण्याला तंबाखूचा वास येत होता, आणि त्या वासातच तिचं बोट खरोखर हललं. एवढंसं. आळीनं पान सोडताना हलावं तेवढं. ती रडायची थांबली आणि स्वतःच्या बोटाकडे डोळे मोठे करून बघतच राहिली. बोटात जीव असतो, आणि कुणी मायेनं हाक मारली की तो ओ देतो!

पुढं वीस वर्षं ती त्या नवलाच्या मागं चालत राहिली. आधी एमबीबीएस, मग सर्जरी, मग सांगलीच्या मेडिकल कॉलेजात प्लास्टिक सर्जरीची रेसिडेन्सी. तिथं पहिल्याच महिन्यात तिच्या युनिटच्या प्रमुख, शरयू मॅडम म्हणाल्या, “माणसाची शीर हातात मिळेल. आधी कोंबडीच्या दोनशे जोडून दाखव.”

कोंबडीच्या मांडीतली शीर माणसाच्या बोटातल्या शिरेएवढीच असते, ओल्या शेवयीसारखी. म्हणून, जिच्या घरात अंडंसुद्धा कधी शिजलं नाही ती भार्गवी एका संध्याकाळी ओढणी नाकाला लावून आकारामच्या चिकनच्या दुकानात उभी राहिली. सहा तंगड्या द्या म्हणाली, पण आतली शीर तुटलेली नको.

आकारामनं सुरा खाली ठेवला. “बाई, तीस वर्षं झाली दुकानाला. शिरंची चौकशी करणारं गिऱ्हाईक पयलंच.”

मागं कुणीतरी हसलं. हेल्मेट काखेत धरून एक उंच तरुण उभा होता. “त्यांना शीर द्या, आकाराम. राहिलेलं मला बांधा.”

“राहिलेल्याला सुया टोचलेल्या असतील,” भार्गवी वळूनही न बघता म्हणाली. “चालेल?”

“टोचणारं माणूस कोण आहे त्यावर…”

तिनं वळून बघितलं. हसरे, थोडे झोपाळू डोळे. पिशवी उचलून ती तरातरा निघून गेली खरी, पण रस्ताभर गाल गरम राहिले.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलावर हिरवा पडदा लागला. पडद्याच्या एका अंगाला सर्जन, दुसऱ्या अंगाला, पेशंटच्या उशाशी, भूल देणारा डॉक्टर. त्या पलीकडच्या टोपी आणि मास्कच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून तेच डोळे तिच्याकडे बघत होते.

“कालच्या तंगड्या जगल्या का, डॉक्टर?”

हा जयराज. पलूसजवळच्या गावचा. वडील सैन्यातून सुभेदार होऊन आलेले, घरी ऊस, आणि हा भूलशास्त्राचा सिनियर रेसिडेंट. पुढची अडीच वर्षं त्यांची ओळख बहुतेक त्या पडद्याच्या वरूनच वाढली. किती वेळ लागेल, असं त्यानं विचारायचं. वीस मिनिटं, असं तिनं सांगायचं. दोन तास झाले की त्यानं भिंतीवरच्या घड्याळाला दया करायला सांगायचं. रेसिडेंटची बोटं रिकामी बसत नाहीत, जिथं जागा मिळेल तिथं ती गाठी मारायचा सराव करतात. भार्गवीनं त्याच्या हेल्मेटच्या पट्ट्याला काळ्या रेशमाच्या एवढ्या गाठी मारल्या की पट्टा काळा दिसू लागला. त्यानं त्यातली एकही सोडली नाही. कधी ड्यूटी सुटली की आयर्विन पुलावर दोघं चहा घेऊन उभी राहायची. खाली कृष्णा, वर पावसाची भुरभुर… आणि दोघांच्या मधे, न बोललेलं ते एक, हिरव्या पडद्यासारखं.

मग ते पत्र आलं.

कोइमतूरच्या एका हॉस्पिटलात हाताच्या सूक्ष्म शस्त्रक्रियेची फेलोशिप. एक वर्ष. देशभरातून दोघांची निवड, त्यात एक नाव भार्गवीचं. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर जागा पुढच्या नावाला जाणार. आणि त्याच आठवड्यात शरयू मॅडम म्हणाल्या की इथं लेक्चररची जागा रिकामी होतेय, राहणार असशील तर सांग. राहायचं तर जयराज इथं होता. जायचं तर… अशा फेलोशिपवर गेलेली माणसं सांगलीला परत येत नाहीत, हे हॉस्टेलच्या भिंतींनाही ठाऊक होतं.

तिनं जयराजला पुलावर विचारलं. काय करू?

त्यानं चहाचा कप फिरवत पाण्याकडे बघितलं. “तुझं तू ठरव.”

दोन दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिला वाटलं, एवढा एक शब्द टाकायला काय जातं याचं? ‘राहा’ म्हण, नाहीतर ‘जा’ म्हण. अडीच वर्षांत आपण नुसती घड्याळाचीच चेष्टा करत होतो की काय? ती अबोल झाली. कोइमतूरला उत्तर कळवायचं राहिलं, आणि शुक्रवार उजाडला.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता शिराळ्याकडून एक जीप कॅज्युअल्टीच्या दारात थांबली. सूरज नावाचा तरुण आईला हाताला धरून उतरला. आई म्हणजे राहीबाई, पन्नाशीची, काटक. जनावरांचा चारा कापायच्या कडबा कुट्टीच्या यंत्रात तिचा उजवा अंगठा मुळापासून गेला होता. सूरजनं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि अगदी जपून भार्गवीच्या हातात दिली. आत तो अंगठा होता, फडक्यात बांधलेला, आणि बोटभर जाड हळदीनं लिंपलेला.

“रगात थांबाया लावली,” सूरज ओशाळून म्हणाला. “आमच्यात कशालाबी हळदच लावत्यात. चुकलं काय, मॅडम?”

चुकलं होतं. हळदीचा एक कण शिरेत राहिला तर रक्त तिथंच गोठणार. पण पोराच्या डोळ्यांकडे बघून तिला रागवता येईना. जखम आहे, सोनं आहे, नवरीमुलगी आहे, सगळ्याला हळद लावणाऱ्या मुलखातला हा पोरगा. धुऊन काढू, एवढंच ती म्हणाली.

थिएटरमध्ये जयराजनं राहीबाईचा फक्त हात बधिर केला. बाई जागी, टक्क. पिशवी उघडली तशी त्यानं पडद्यावरून डोकावून बघितलं. “अंगठ्याला हळद लागलीय. आज लगीन लावायलाच पायजे.”

एरवी भार्गवी हसली असती. आज तिनं मान वर केली नाही.

तासभर ती सूक्ष्मदर्शकाखाली नुसती हळद वेचत होती. पिवळा कण, अजून एक पिवळा कण… तांदूळ निवडणाऱ्या बाईसारखी. मग मॅडमनी हाडाला तार घातली, दोऱ्यासारखे स्नायूबंध जोडले, आणि शिरेची पाळी आली तेव्हा त्या स्टुलावरून उठल्या.

“बस.”

भार्गवीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मॅडमनी स्टूल पायानं तिच्याकडे सरकवलं.

तिच्या हातातला दोरा केसाहून बारीक होता. उघड्या डोळ्यांना तो दिसायचाच नाही, नुसता हवेत चमकायचा. एक टाका. श्वास. दुसरा टाका. पडद्यापलीकडे राहीबाईचा वेळ जाईना. तिनं जयराजचं गाव विचारलं, ऊस किती ते विचारलं, लग्न झालं का विचारलं. अजून नाही म्हटल्यावर, का न्हाई, असं विचारलं. मग हळू आवाजात ती जात्यावर बसल्यासारखी गाऊ लागली,

माजा अंगठा गं बाई, गेला व्हता रुसुनी…
डागतरीण आनती त्येला, समजूत काढुनी…

थिएटरमधली सिस्टर हातातलं काम थांबवून ऐकू लागली. गाणं संपलं आणि राहीबाई म्हणाली, “ही बाई एक सबूद बोलत न्हाई, ती कशी?”

“बारीक काम आहे, मावशी. श्वासपण बेतानं घ्यावा लागतो त्यांना.”

“आन तुमी? तुमी का श्वास धरून बसलाय मगापासनं?”

भार्गवीचा चिमटा क्षणभर थांबला, आणि पुन्हा चालू लागला.

आठवा टाका. शेवटची गाठ. सव्वाचार वाजले होते. मॅडम म्हणाल्या, “सोड.”

तिनं शिरेवरचा चिमटा सोडला. काही झालं नाही. अंगठा तसाच, मेणाचा. खोलीतली सगळी माणसं त्या एवढ्याशा पांढऱ्या गोष्टीकडे बघत होती. भार्गवीनं त्याच्यावर कोमट पाण्याची धार धरली. आणि मग… बुडाशी, अगदी बुडाशी, एक गुलाबी रेघ उमटली. ती वर सरकली. थांबली, जणू वाट विचारून घेतली, आणि पुन्हा सरकली. पूर्वेला उजाडताना डोंगराची कड रंगत जावी तसा तो अंगठा रंगत गेला, पेरापर्यंत, नखापर्यंत. सकाळी जे पिशवीत होतं, ते आता राहीबाईचं होतं.

राहीबाईनं, दिसत काहीच नसताना, हात जोडावेत तशी दुसऱ्या हाताची मूठ छातीशी घेतली. जयराज केव्हाचा उठून उभा होता. पडद्यावरून त्याचे डोळे अंगठ्याकडे बघत होते, मग ते भार्गवीकडे वळले, आणि त्यात पाणी होतं. ते त्यानं लपवलं नाही.

“अडीच वर्षांत तुला सांगितलं नाही,” मॅडम हातमोजे काढत म्हणाल्या, “कारण डोक्यात जातं. पण तुला अजून शिकायला हवं. माझ्याजवळ होतं ते संपलं.” आणि त्या गेल्या.

पाचला दहा मिनिटं कमी असताना भार्गवी थिएटरबाहेरच्या लांब व्हरांड्यात फोन हातात घेऊन उभी होती. आपल्याला जायचंय, हे तिला आता कळलं होतं. त्या गुलाबी रेघेनं सांगितलं होतं. पण मागं पावलं वाजली, आणि ठरलेलं पुन्हा हललं.

“जयराज, शेवटचं विचारते. तुला काही म्हणायचंय?”

“म्हणायचंय.” त्याच्या गळ्यात मास्क लोंबत होता. “पण आधी उत्तर पाठव. मग.”

म्हणजे ‘जा’च की, तिला वाटलं. डोळे भरून आले, अक्षरं तरंगू लागली. तरी तिनं लिहिलं, मी येते आहे. पाठवलं. आणि फोन त्याच्यापुढं धरला, भांडायला धरावा तसा.

त्यानं नीट वाचलं. मग भिंतीला पाठ टेकून तो खाली बसला, दिवसभर उभं राहिल्यासारखा. बोलू लागला तेव्हा कॉलेजातली भाषा गळून पडली.

“माझी थोरली भन, संयोगिता. मिलिटरी नर्सिंगला निवड झालेली तिची. साखरपुडा झालेला. दाजी एवढंच म्हणाले, नको जाऊस, करमायचं न्हाई. लय जीव लावणारं माणूस, आजबी लावत्यात. ती थांबली. सुखात हाय. पण निवडीचं पत्र अजून तिच्या ट्रंकंत हाय, भार्गवी. वर्षातनं एकदा काढती, वाचती आन घडी घालून ठेवती. एकटी असताना. मी बघितलंय. तवापासनं ठरवलं, कुणाच्या पत्राच्या आड आपला सबूद आणायचा न्हाई.”

भार्गवी त्याच्यासमोर फरशीवर बसली. इतक्या दिवसांचा राग कुठं ठेवावा हे तिला कळेना.

“आता उत्तर गेलं,” ती म्हणाली. “आता बोल.”

खाली आवारात कुणीतरी गाडी काढत होतं. जयराजनं तिचा हात घेतला. दिवसभर केसाएवढा दोरा धरून अवघडलेली तिची बोटं त्यानं दोन्ही तळव्यांत झाकली.

“तू गेलीस की मला हितं करमायचं न्हाई,” तो म्हणाला. “माझं लय प्रेम हाय तुझ्यावर.”