कुलूप लागलं असेल

प्रयोगशाळेचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहण्याच्या नादात ज्ञानदाची स्टाफ बस निघून गेली. नाशिकहून नोकरीला आलेली ही पोरगी सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यात माल तपासायची आणि तपासलेलंच परत तपासायची. फाटकाशी ती रडवेली उभी असताना शेजारी एक स्कूटर थांबली.

"बसा मॅडम, सदर बाजारपर्यंत सोडून देतो," माल रवाना करणारा यशदीप म्हणाला. "तुमच्या रिपोर्टसाठी माझे ट्रक रोजच थांबतात. आज मी थांबलो."

हा चिडवतोय की चिडलाय? वाटेतलं भनपुरी मागे पडलं तरी तिला कळेना.

मग बस वरचेवर चुकू लागली. अहोजाहो गळून पडलं. आपण कुलपासाठी मागे राहतो की त्याच्यासाठी... एवढी एकच गोष्ट ज्ञानदानं कधी तपासली नाही.

आणि एका सोमवारी घोळ झाला. तिच्या हातून दोन नमुन्यांच्या पुड्यांची अदलाबदल झाली. चांगला माल नापास झाला, यशदीपचा भरलेला ट्रक दिवसभर उभा राहिला आणि साहेब त्याच्यावरच खेकसले. चूक तिनंच शोधली, कबूलही केली. पण संध्याकाळी फाटकाशी ती म्हणाली, "मी नोकरी सोडतेय."

"काहून?"

"चुकले ना मी!"

"हव, चुकली. बोलणी मलेच बसली." तो हसला. "पण तुझ्या हाताखालच्या क्षमानं नमुने सांडवले, तवा तू तिले चहा पाजला. होतं असं, म्हणली तिले. आन् स्वतःले थेट हाकलूनच देऊन राहिली?"

ज्ञानदाला रागही येईना, रडूही येईना. "तू—तू चिडला नाहीस?"

"चिडलो ना. दुपारपर्यंत. मग वाटलं, तू गेली तर मी इथं कोणासाठी थांबू?"

याला उत्तर नीटच द्यायला हवं. मनात तिनं एक वाक्य जुळवलं, मोडलं, परत जुळवलं. तोंडातून आलं ते भलतंच. "मला... म्हणजे तू... थांब, नीट सांगते—"

"नीट नको. असंच सांग."

"आवडतोस. बहुतेक... नाही, नक्की! मला काहीच कळत नाहीये!"

"मलेबी नाही कळून राहिलं," कानापर्यंत लाल झालेला यशदीप म्हणाला. त्यानं स्कूटर सुरू केली आणि सवयीनं विचारलं, "कुलूप पाहून येते का?"

तिनं मागे पाहिलं. पाऊल उचललंसुद्धा. मग गोंधळलेल्या चेहऱ्यानंच ती स्कूटरवर बसली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"लागलं असेल," ती म्हणाली. "उद्या सकाळी यायचंच आहे मला."