कोटाची सावली

सकाळीच गाड्यांच्या काचा बसवायच्या आमच्या शेडचा पत्रा तापून कडकड वाजायला लागला होता. ॲडलेडच्या बाजूने एक पांढरी गाडी आली आणि दारातच थांबली. पुढच्या काचेवर डाव्या कोपऱ्यातून निघालेला तडा वाकडातिकडा होत थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर आला होता. गाडीतून एक उंच, शिडशिडीत तरुण उतरला. हातावर काळा कोट... ब्रोकन हिलच्या जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात कोट!

"हे भरून द्याल?" त्याने विचारलं.

मी तड्यावरून बोट फिरवलं. "दगड कुठे लागला?"

"बराच मागे. एवढासा तारा उमटला होता. पुढे उकडायला लागलं म्हणून एसी लावला, आणि—"

"तापलेल्या काचेवर गार वारा. तड्याला आमंत्रणच दिलंत की!"

तो हसला नाही. मग मीही कामाचं बोलले. "नुसता टवका असता तर भरला असता. हा नजरेसमोर आलाय, भरूनही समोरचं वेडंवाकडं दिसेल. काच बदलायला हवी. ती उद्याच्या गाडीने येईल."

"उद्या..." तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "आज संध्याकाळी माझ्या वडिलांना पुरणार आहेत. टिबूबुराच्या पलीकडे, आमच्या मेंढ्यांच्या रानात. जाऊ द्या, मी असाच जातो."

"नाही जायचं. ऊन तिरपं झालं की तड्यावर असं चमकतं की समोर आलेला कांगारूसुद्धा दिसत नाही."

"मग काय उडत जाऊ?"

ते त्याने चिडून विचारलं. पण किल्ली मुठीत धरून तो तिथेच उभा राहिला. मी काही बोलायच्या आत मागून बाबांचा आवाज आला, "ब्रायोनी, आपली पिकअप घे. दुकान मी बघतो. आणि पाणी भरून घे गं, बोलण्याच्या नादात विसरशील!"

त्याचं नाव फर्गस. पहिला तासभर त्याने तेवढंच सांगितलं. दोन्ही बाजूंना लाल माती, खुरटी झुडपं, मधूनच पिकअपशी शर्यत लावणारे एमू पक्षी. बाबांना वाटलं होतं तसं बोलणं काही होत नव्हतं. मी चोरून बघितलं, तर तो मांडीवरच्या कोटाचं एकच बटण पुन्हा पुन्हा लावत होता आणि काढत होता.

मेंढ्यांनी भरलेला एक लांबलचक ट्रक समोरून धडधडत गेला आणि टक् झालं. माझ्याच काचेवर, वरच्या कोपऱ्यात, टवका उडाला.

"घ्या," तो म्हणाला. "माझा पायगुणच वाईट."

"पायगुण नाही, रस्ताच तसला आहे." मी पिकअप बाजूला घेतली. "पाचच्या दफनाला बराच वेळ आहे. हा आत्ताच भरला नाही तर पळत सुटेल. पण सावली हवी. उन्हात टवक्यात भरायची राळ आत मुरायच्या आधीच घट्ट होते."

आजूबाजूला एक झाड नव्हतं. तो उतरला, कोट उलगडला आणि दोन्ही हातांनी काचेवर तंबूसारखा धरला. मी त्याच्या हाताखालून आत शिरले. टवक्यातला कचरा टोचून काढला, छोटा पंप बसवला, थेंबभर राळ सोडली. कोटाखाली इस्त्रीचा वास होता, आणि त्याच्या श्वासाचा आवाज... अगदी कानाशी.

"सगळ्या गिऱ्हाइकांना असं उन्हात उभं करता?"

"फक्त कोटवाल्यांना. हलू नका."

तो हसला. पहिल्यांदाच. आणि एकाएकी बोलायला लागला. "मी नर्स आहे. वडिलांना ते पटलंच नाही. पुरुषाने काय रोग्यांची भांडी उचलायची, म्हणाले. मी निघून गेलो, पुन्हा आलो नाही. रोज कुणाच्या ना कुणाच्या बापाचा हात धरून बसतो मी... शेवटपर्यंत. आणि माझा बाप—"

 त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात कोटात अडकलेले. कोट सोडला तर काम फुकट, म्हणून वेडा तसाच उभा होता! मी पंप एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताच्या बाहीने त्याचे गाल पुसले. बाहीला धूळ होती. त्याच्या गालावर लाल पट्टा उमटला. तो पुसायचं माझं धाडस होईना.

"झालं," मी हळूच म्हणाले. "आता कोट काढ. ऊन लागू दे."

मी 'काढा' नव्हे, 'काढ' म्हणाले होते. दोघांच्याही ते लक्षात आलं.

दफनाला आजूबाजूच्या रानांतली जेमतेम वीसेक माणसं होती. खड्ड्याच्या कडेला लाल मातीचा ढीग, टोप्या हातात घेतलेले म्हातारे, माशा. मी कुंपणापाशी थांबणार होते. फर्गसने मागे वळून पाहिलं... एवढंच. मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले.

माती लोटून झाल्यावर शेजारच्या रानातल्या नोरीनआजी जवळ आल्या. फर्गसने त्यांना विचारलं, "शेवटी जवळ कोण होतं?"

"मी होते रे. हात धरून बसले होते."

"माझं नाव...?"

आजींनी मान हलवली. "खोटं कशाला सांगू? मेंढ्यांचंच बोलत होता. कुठली विहीर आटली, कुठली नाही. पण एकटा नव्हता, पोरा. आणि घाबरलाही नव्हता."

फर्गसने त्यांचे सुरकुतलेले दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत.

त्या रात्री आजींकडेच राहिलो आणि दुसऱ्या दिवशी परतलो. येताना तो बोलला, वडिलांच्या तऱ्हा सांगून त्याने मला हसवलं. 

काच येऊन पडली होती. बाबांनी आणि मी ती दुपारी बसवली. फर्गस बाजूला चहाचा मग घेऊन उभा होता.

"आता निघता येईल?" त्याने विचारलं.

"छे!" मी हातमोजे काढत म्हणाले. "चिकटवण सुकायला हवं. संध्याकाळ होईल."

"संध्याकाळ?" बाबा गाडीच्या पलीकडून म्हणाले. "अगं, हे नवं चिकटवण तर तासाभरात—" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खोकले, आणि त्यांना कुठलासा पाना आठवला म्हणून मागच्या दाराने बाहेर गेले.

माझे कान तापले. फर्गसने चहाचा मग खाली ठेवला.

"तास की संध्याकाळ?"

"तास," मी म्हणाले.

"मग संध्याकाळ का म्हणालीस?"

मी हातमोजे उलटेसुलटे करत राहिले. "कारण... तू गेलास की ही शेड मला फार मोठी वाटेल. तुझ्या वडिलांना पुरून एक दिवस झाला नाही, आणि मी हे असलं बोलतेय. जा तू. खरंच जा."

तो जवळ आला. डोळे अजून सुजलेलेच होते. "परवा ड्युटी आहे, जावं लागेल," तो म्हणाला. "म्हातारी माणसं वाट बघत असतात. पण सुट्टी मिळाली की येईन. दगड लागला नाही तरी येईन... चालेल?"

मी मान हलवली. 

मग बाबा परत आले. हातात पाना नव्हताच. फर्गसने गाडीची किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

"काका," तो म्हणाला, "उद्या सकाळपर्यंत सुकू द्या."